पायांत चेंडू, खिशात पासपोर्ट

वाराणसीच्या सिगरा भागात दोन मोठ्या वास्तू जवळजवळ आहेत. एक 'रुद्राक्ष' हे अधिवेशन केंद्र. शिवलिंगाची आठवण करून देणारा आकार, बाहेरच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचे १०८ रुद्राक्ष, आणि बांधकामाला पैसा जपान सरकारच्या मदतनिधीचा. १५ जुलै २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. दुसरी वास्तू म्हणजे डॉ. संपूर्णानंद स्टेडियम. काशी आणि क्योटो या दोन जुन्या तीर्थनगरांमध्ये २०१४ मध्ये मैत्रीचा करार झाला, तेव्हापासून बनारसमध्ये जपानचं नाव अधूनमधून कानावर पडत असतं. कधी या केंद्राच्या निमित्ताने, कधी सारनाथला येणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंमुळे. फुटबॉलमुळे मात्र नाही. बनारस हे आखाड्यांचं आणि हॉकीचं शहर. हॉकीपटू मोहम्मद शाहिद इथलाच.

तरीही भारतात खेळणाऱ्या जपानी किंवा कुठल्याही परदेशी फुटबॉलपटूची कारकीर्द कशी चालते हे समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात बनारसपासून केलेली बरी. कारण या शहराच्या नावाने खेळणाऱ्या 'इंटर काशी' या संघाने दोनच हंगामांत एक गोष्ट लख्ख दाखवून दिली. आपल्याकडे परदेशी खेळाडूचं भवितव्य त्याच्या पायांवर जितकं ठरतं तितकंच त्याच्या कागदांवर ठरतं. कोणत्या देशाचा पासपोर्ट, नोंदणी कोणत्या रकान्यात, बदली कोणाच्या जागी. मैदानावरची नव्वद मिनिटं या सगळ्यानंतर येतात.

२०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमध्ये थेट प्रवेशासाठी बोली मागवल्या. पाच बोली मान्य झाल्या: वाराणसी, पंजाबातलं भैणी साहिब, बेंगळुरू, दिल्ली आणि आपलं अंबरनाथ. त्या हंगामात या नव्या प्रवेशातून प्रत्यक्ष मैदानात उतरले ते दोनच संघ, काशीचा आणि भैणी साहिबचा नामधारी. इंटर काशीमागे कोलकात्याचा आरडीबी समूह होता, सोबत स्पेनच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदशी सहकार्य. पहिला प्रशिक्षक कार्लोस सांतामारिना हा स्पॅनिश. सगळा थाट युरोपीय, फक्त घरचं मैदान नव्हतं. सिगराच्या स्टेडियमचं नूतनीकरण चालू होतं, त्यामुळे काशीचा संघ यजमान म्हणून खेळायचा तो पश्चिम बंगालमधल्या कल्याणीत. (आपल्या ठाण्यापलीकडच्या कल्याणशी गल्लत नको.) म्हणजे गंगा तीच, पण घाट सोडून पार हुगळीच्या काठावर. शहराचं नाव छातीवर, आणि त्या शहराला आपला संघ बघायचा तर टीव्हीवर. भारतीय फुटबॉलची थोडीफार सवय असलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

त्या पहिल्या संघात पीटर हार्टली नावाचा इंग्रज सेंटर बॅक होता. त्याच्या वाटेवर एक नजर टाकायला हवी, कारण भारतात येणाऱ्या परदेशी बचावपटूचा तो नमुना आहे. जन्म १९८८ चा, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूलचा. सुरुवातीचे धडे संडरलंडच्या अकादमीत, मग इंग्लंडच्या खालच्या विभागांत हार्टलपूल, स्टीव्हनेज, प्लिमथ, ब्रिस्टल रोव्हर्स अशी भटकंती, पुढे स्कॉटलंडात मदरवेल. बत्तिशीला आल्यावर, २०२० मध्ये जमशेदपूर. तिथे तो कर्णधार झाला आणि २०२१-२२ मध्ये जमशेदपूरने इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) साखळीत अव्वल राहून शील्ड जिंकली. वेग हे सेंटर बॅकचं मुख्य भांडवल नसतं. चेंडू कुठे पडणार हे आधी कळणं, सहकाऱ्यांना ओरडून जागेवर ठेवणं, हवेतली झुंज जिंकणं, यावर त्याचं पोट चालतं. तिशी ओलांडलेला विंगर कुणाला फारसा नको असतो, तिशी ओलांडलेला सेंटर बॅक चालतो. म्हणून भारतीय क्लब अशा वयाच्या बचावपटूंवर पैसे लावतात.

पण किती जणांवर लावायचे, याला मर्यादा आहे, आणि जपानी खेळाडूची गोष्ट इथूनच सुरू होते.

आयएसएल २०१४ ला सुरू झाली तेव्हा अकरांत पाचच भारतीय असले तरी चालायचं, म्हणजे सहा परदेशी एका वेळी मैदानावर. २०१७ पासून ते पाच झाले, २०२१ पासून चार. संघात नोंदवता येणारे परदेशी सहा, आणि त्यांतला एक आशियाई महासंघाच्या सदस्य देशाचा असलाच पाहिजे अशी अट तेव्हा घातली गेली. ही अट आपल्या डोक्यातून निघालेली नव्हती. आशियाई फुटबॉल महासंघाने आपल्या चॅम्पियन्स लीगसाठी २००९ मध्ये 'तीन अधिक एक' हा नियम आणला होता: तीन परदेशी कुठलेही, चौथा आशियातला. हेतू उघड होता. सगळ्या क्लबांनी ब्राझील आणि आफ्रिकेकडेच धाव घेऊ नये, आशियातल्या खेळाडूंना आशियातच बाजार मिळावा. आशियाई स्पर्धांत उतरायचं तर देशांतर्गत लीगचीही सवय तशीच हवी, म्हणून आय-लीगमध्ये आणि नंतर आयएसएलमध्येही हा आशियाई रकाना आला.

या एका रकान्यामुळे जपानी, कोरियन, उझबेक, ताजिक, सीरियन खेळाडूंचे एजंट भारतीय क्लबांच्या दारात उभे राहू लागले. आणि ऑस्ट्रेलियन! ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये ओशनिया सोडून आशियाई महासंघात आला. नकाशावर काही म्हणा, कागदावर ऑस्ट्रेलियन खेळाडू आशियाई ठरतो. आता व्यवस्थापकाच्या जागी बसून विचार करा. आशियाई जागा एकच आहे आणि सेंटर बॅक हवा आहे. उंचापुरा, हवेत मजबूत, भारतीय बचावपटूंशी इंग्रजीत बोलू शकणारा. साहजिकच डोळे ऑस्ट्रेलियाकडे वळतात. नॉर्थईस्ट युनायटेडचा डिलन फॉक्स, बेंगळुरूचा अलेक्झांडर योवानोविच हे त्या वाटेने आले. जपानकडे व्यवस्थापक वळले ते मध्यरक्षकासाठी: चेंडू न गमावणारा, शिस्तीत पळणारा, दोन टचमध्ये खेळणारा. त्यामुळे भारतात नाव मिळवलेले जपानी खेळाडू पाहिले तर बहुतेक मधल्या फळीतले दिसतात. जपानमध्ये बचावपटू घडत नाहीत असं मुळीच नाही. १९९८ मध्ये जपानला पहिल्यांदा विश्वचषकात नेणारा कर्णधार मासामी इहारा बचावपटूच होता, आणि २००४ चा जे-लीगचा सर्वोत्तम खेळाडू युजी नाकाझावा हाही सेंटर बॅक. पण या दर्जाचे बचावपटू एक तर मायदेशात राहतात, नाही तर युरोपात जातात. भारताच्या वाट्याला येतो तो या दोन्हींच्या खालचा थर, आणि तिथे ऑस्ट्रेलियाशी स्पर्धा असते.

हा खालचा थर इतका मोठा का आहे, हे कळायला जपानी व्यवस्था थोडी पाहावी लागते.

जे-लीग १५ मे १९९३ ला दहा क्लबांनिशी सुरू झाली. त्याआधी जपानी फुटबॉल हे कंपन्यांचं फुटबॉल होतं: मित्सुबिशी, निस्सान, यानमार. आपल्याकडे महिंद्रा, टाटा, ओएनजीसी, एअर इंडिया होते तसंच. जे-लीगने क्लबांना कंपनीचं नाव टाकून शहराचं नाव लावायला सांगितलं. दुसरा विभाग १९९९ मध्ये आला, तिसरा २०१४ मध्ये. आज तीन विभागांत मिळून साठ क्लब आहेत. त्याखाली कंपन्यांच्या आणि हौशी संघांची वेगळी लीग, आणि बाजूला विद्यापीठांचं फुटबॉल, जे तिथे नुसतं महाविद्यालयीन स्नेहसंमेलन नसतं. विद्यापीठात चार वर्षं खेळून बाविसाव्या वर्षी व्यावसायिक होणं ही तिथली मान्य वाट आहे. युतो नागातोमो हा लेफ्ट बॅक मेइजी विद्यापीठातला. पाठीच्या दुखापतीमुळे खेळता येत नव्हतं तेव्हा तो संघाच्या समर्थकांत उभा राहून ढोल बडवायचा. पुढे इंटर मिलान आणि चार विश्वचषक त्याच्या नावावर लागले.

बाकीच्यांचं काय? जे-लीगमध्ये बरीच वर्षं करारांचे तीन वर्ग होते. नवा खेळाडू बहुतेक वेळा 'क' वर्गात शिरायचा, आणि त्याचं मूळ वेतन वर्षाला ४६ लाख येनपलीकडे जाऊ शकत नसे. वरच्या वर्गात जायला पहिल्या विभागात ४५० मिनिटं, दुसऱ्यात ९०० मिनिटं सामन्यांत खेळून भरावी लागत. म्हणजे अक्षरशः मिनिटांची वही. २०२६ पासून हे वर्ग रद्द करायचं जे-लीगने ठरवलं, पण आपण ज्या खेळाडूंबद्दल बोलतोय ती पिढी या वहीखालीच वाढली. पंचवीस-सव्विसाव्या वर्षी ज्याची मिनिटं भरली नाहीत, त्याच्यासमोर दोन रस्ते असत: खालच्या विभागात उतरणं किंवा परदेश. परदेशातही युरोपचा नंबर लागला नाही तर सिंगापूर, थायलंड, भारत. या वाटेवरचं एक ठाणं तर जपानी क्लबनेच बांधून ठेवलं होतं. निगाता शहराच्या अल्बिरेक्स क्लबने २००४ मध्ये सिंगापूरच्या लीगमध्ये जपानी खेळाडूंचा आपला स्वतंत्र संघ उतरवला. मायदेशात जागा नसलेल्या तरुणांना तिथे खेळायला मिळे आणि आग्नेय आशियातल्या एजंटांच्या नजरेत यायलाही.

त्या सिंगापूरच्या संघातून आलेला एक तरुण पुढे पुणेकरांचा लाडका झाला. अराता इझुमी.

अराताचा जन्म ३१ जुलै १९८२ चा, जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम टोकावरच्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील गुजराती. सिंगापूरनंतर तो काही काळ मित्सुबिशी मिझुशिमाकडे होता. हा मित्सुबिशीच्या मोटार कारखान्याचा संघ. २००६ मध्ये तो कोलकात्याला ईस्ट बंगालकडे आला आणि पुढच्या वर्षी मुंबईत महिंद्रा युनायटेडकडे. एका मोटार कंपनीच्या संघातून निघालेला खेळाडू वर्षाच्या आत दुसऱ्या मोटार कंपनीच्या संघात! जपानने १९९३ मध्ये जे मागे टाकलं, ते त्याला इथे पुन्हा भेटलं. आशियाई रकाना तेव्हा अजून यायचा होता. अराता आला तो साधा परदेशी म्हणून, ब्राझिलियन आणि नायजेरियन खेळाडूंच्याच रांगेत उभा राहून.

२००९ मध्ये तो पुणे एफसीकडे गेला. अशोक पिरामल समूहाचा हा क्लब २००७ मध्ये स्थापन झालेला, आय-लीगमध्ये नवा, बालेवाडीत खेळणारा. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, स्वतः एकेकाळचे भारताचे बचावपटू, ज्यांनी महिंद्राला २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. पहिल्याच हंगामात पुण्याने तिसरा क्रमांक मिळवला आणि २०१२-१३ मध्ये दुसरा. अराता त्या संघाच्या मध्यभागी होता. अंगाने बारीक, झटापटीत पडेल असं वाटणारा, पण चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे पाहून घेण्याची सवय असलेला. ही सवय लहानपणी लागली तर लागते. भारतीय मध्यरक्षकांत ती तेव्हा दुर्मीळ होती, आणि बालेवाडीच्या अर्ध्या रिकाम्या स्टँडमध्ये बसून ते मान वळवणं पाहणं हाच सामन्याचा निम्मा आनंद असे, असं माझं मत आहे.

वडील भारतीय, खेळ भारतात, मग भारताकडून का नाही? इथे पुन्हा कागद आडवा येतो. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. डिसेंबर २००८ मध्ये क्रीडा मंत्रालयाने स्पष्ट केलं की भारताचा पासपोर्ट असलेल्यांनाच देशाकडून खेळता येईल, परदेशस्थ भारतीयांचं कार्ड पुरेसं नाही. जपानचा कायदाही प्रौढ माणसाला एकच नागरिकत्व ठेवायला सांगतो. म्हणजे अरातापुढे 'हे की ते' असा सरळ प्रश्न होता. जपानी पासपोर्ट हा जगात सर्वाधिक देशांत व्हिसाविना फिरवणाऱ्या पासपोर्टांपैकी एक. तो परत द्यायचा, तोही तिशीत, कारकिर्दीची चार-पाच वर्षं उरली असताना, आणि बदल्यात मिळणार ते फिफाच्या क्रमवारीत दीडशेच्या आसपास असलेल्या संघाच्या जर्सीची शक्यता. निवड होईलच याची हमीही नाही. अराताने २०१२ मध्ये तो सौदा केला. भारतीय कागदांवर त्याचं नाव नीलकंठ खंभोळजा. २०१३ मध्ये तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. वर्तमानपत्रांनी आणि प्रेक्षकांनी त्याला अराताच म्हणत राहणं पसंत केलं.

भारताकडून त्याला मोजकेच सामने मिळाले, आणि भावनेच्या हिशेबाने पाहिलं तर हा सौदा तोट्याचा वाटू शकतो. पण क्लबच्या हिशेबाने बघा. ज्या दिवशी तो भारतीय झाला त्या दिवशी त्याच्या क्लबची परदेशी खेळाडूची एक जागा मोकळी झाली. जपानमध्ये शिकलेला मध्यरक्षक आता भारतीयांच्या रकान्यात बसत होता. आयएसएल आल्यावर तर या गोष्टीचं मोल आणखी वाढलं. स्पॅनिश, पोर्तुगीज, ब्राझिलियन खेळाडूंच्या गर्दीत जपानी पासपोर्टवरचा तिशी उलटलेला अराता कुणी घेतला असता की नाही, शंका आहे. भारतीय अराता मात्र हवाहवासा होता. अ‍ॅटलेटिको दि कोलकाता, पुणे सिटी, शेवटी केरला ब्लास्टर्स असा तो खेळत राहिला, आणि निवृत्तीनंतर नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स अकादमीत मुलांना शिकवू लागला.

या सगळ्यात एक गोष्ट मराठी वाचकाला खटकायला हवी. अराता ज्या महाराष्ट्रात रुजला तिथले त्याच्या काळातले क्लब आज कुठे आहेत? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. पुणे सिटीने २०१९ मध्ये गाशा गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. मुंबई एफसीही गेला. मुंबईत ओएनजीसीकडून खेळायला आलेला कात्सुमी युसा हा जपानी मध्यरक्षक २०१३ मध्ये मोहन बागानकडे गेला, तिथे २०१४-१५ ची आय-लीग आणि २०१६ चा फेडरेशन चषक जिंकला, पुढे कर्णधारही झाला. आज त्याचं नाव कोलकात्यात निघतं, मुंबईत नाही. गोव्याच्या साळगावकरकडून खेळलेला र्‍यूजी सुएओकाही पुढे ईस्ट बंगालला गेला. खेळाडू कागद बदलून टिकून राहिले, क्लब टिकले नाहीत.

रकाना जितका परदेशी खेळाडूला बांधतो तितकाच तो देशी खेळाडूलाही घडवतो. राहुल भेके या मुंबईकर बचावपटूचं उदाहरण घ्या. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरला ब्लास्टर्स करत तो २०१७ मध्ये बेंगळुरूला पोचला तेव्हा तिथे मध्यभागी हुआनानसारखे परदेशी बचावपटू होते. भेके बाजूला, राइट बॅकला. भारतीय बचावपटूंचं हे नेहमीचं: मधल्या जागा परदेशींना, कडेच्या आपल्याला. १७ मार्च २०१९ ला अंधेरीच्या मैदानावर आयएसएलचा अंतिम सामना एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत गेला आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेने डोकं लावून तो बेंगळुरूला जिंकून दिला. आपल्याच शहरात. २०२१ मध्ये मैदानावरचे परदेशी पाचाचे चार झाले, त्याच वर्षी भेके मुंबई सिटीकडे आला, आणि आता परदेशी बचावपटू मुर्तदा फालच्या शेजारी सेंटर बॅक म्हणून उभा राहिला. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध विजयी गोल त्याचाच, तोही डोक्याने. आशियाई चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. भेकेचं कर्तृत्व नियमामुळे आलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण मधे उभं राहायला जागा मिळाली, त्यात नियमाचा हात होता.

आता पुन्हा काशी. २०२४-२५ च्या हंगामात इंटर काशीने प्रशिक्षक आणला अंतोनिओ लोपेझ हाबास, ज्याने कोलकात्याच्या संघाला दोनदा आयएसएल जिंकून दिली होती. बारा संघ, प्रत्येकाचे २२ सामने. ६ एप्रिल २०२५ ला शेवटची फेरी संपली तेव्हा गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे ४० गुण होते आणि इंटर काशीचे ३९. पण हा तक्ता कुणीच अंतिम मानत नव्हतं. कारण १३ जानेवारीला नामधारीने इंटर काशीविरुद्ध जो सामना जिंकला त्यात त्यांनी क्लेडसन दा सिल्वा या ब्राझिलियन खेळाडूला उतरवलं होतं, आणि पिवळ्या कार्डांमुळे तो त्या दिवशी निलंबित होता, अशी काशीची तक्रार होती. शिस्तपालन समितीने काशीला तीन गुण दिले. अपील समितीने ते काढून घेतले. महासंघाने चर्चिलला विजेता जाहीर केलं.

दुसरं प्रकरण आणखी नाजूक. इंटर काशीचा स्पॅनिश आघाडीवीर मारिओ बार्को दुखापतीमुळे बाहेर गेला, त्याच्या जागी दुसरा परदेशी नोंदवला गेला, आणि पुढे दुसऱ्या एका परदेशी खेळाडूच्या जागी बार्को पुन्हा नोंदवला गेला. एका हंगामात परदेशी खेळाडू बदलता येतात, त्याची संख्या नियमात लिहिलेली आहे. पण जो बदलून बाहेर गेला तोच परत येऊ शकतो का? नियमाच्या वाक्यावर दोन्ही बाजूंनी कीस पाडला गेला. चर्चिल, नामधारी आणि रिअल काश्मीर एका बाजूला. काशीचं म्हणणं एवढंच की नोंदणी आम्ही चोरून केली नाही, महासंघाच्याच स्पर्धा विभागाने ती मान्य केली होती.

परदेशी खेळाडूची नोंदणी होते कशी, हे पाहिलं तर या युक्तिवादाचं वजन कळतं. घेणारा क्लब फिफाच्या संगणकीय प्रणालीत सगळा तपशील भरतो. खेळाडू ज्या देशातून येतो तिथला महासंघ हस्तांतराचं प्रमाणपत्र पाठवतो. ते आल्याशिवाय तो अधिकृत सामन्यात एक मिनिटही खेळू शकत नाही, फी भरली असली तरी आणि विमानाने येऊन हॉटेलात उतरला असला तरी. त्यातही हस्तांतराच्या ठरलेल्या मुदती असतात, आणि एका हंगामात तीनपेक्षा जास्त क्लबांकडे नोंदणी करता येत नाही. मग भारतीय महासंघाच्या स्वतःच्या प्रणालीत नोंद, मग सामन्याच्या यादीत नाव. इतक्या चाळण्यांतून पार पडलेला खेळाडू 'अपात्र' ठरवायचा, तर चाळणी लावणाऱ्याची जबाबदारी काय?

इंटर काशी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेला. लवादाने करंडक देण्याला स्थगिती दिली, तो दिवस होता २७ एप्रिल. त्याच दिवशी महासंघ चर्चिलच्या हाती करंडक देऊन मोकळा झाला होता. १८ जुलै २०२५ ला लवादाने अंतिम निकाल दिला: इंटर काशी ४२ गुणांसह विजेता. चर्चिलच्या खेळाडूंचा विचार केला की वाईट वाटतं. त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं, आणि तीन महिने ते विजेते होते. विजेत्याला आयएसएलचा दरवाजा उघडणार होता, त्यामुळे फरक नुसत्या करंडकाचा नव्हता, पुढच्या करारांचा होता. आयएसएलमधल्या क्लबचा बचावपटू आणि आय-लीगमधल्या क्लबचा बचावपटू यांच्या पगारात जे अंतर होतं, ते त्या दिवशी लोझानमध्ये एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे गेलं. आणि जे आयएसएलमध्ये गेले त्यांनाही लगेच सुख लाभलं नाही, कारण लीगच्या व्यावसायिक हक्कांचा पेच पडून पुढचा हंगामच लांबला.

आशियाई रकानाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. आशियाई महासंघाने आपल्या मुख्य स्पर्धेत २०२३-२४ ला 'पाच अधिक एक' केलं आणि पुढच्याच हंगामापासून परदेशी खेळाडूंवरची मर्यादा उठवली. सौदी क्लबांनी युरोपातले तारे विकत घेण्याचा सपाटा लावला होता, त्यांना हे सोयीचं होतं. जपानच्या दुसऱ्या-तिसऱ्या विभागात मिनिटं मोजणाऱ्या पंचविशीतल्या खेळाडूला मात्र आशियातलं एक राखीव दार त्यामुळे अरुंद झालं. त्याने यायचं तर आता स्पॅनिश आणि ब्राझिलियन खेळाडूंशी थेट तुलना होणार, अराता २००६ मध्ये आला तेव्हा झाली होती तशी.

अराताचा दुसरा मार्ग, पासपोर्ट बदलण्याचा, तेरा वर्षं कुणी धरला नाही. मग २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बेंगळुरूच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला. जन्म पर्थचा, पण आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आणि आजोबा संतोष करंडकात बॉम्बेकडून खेळलेले. त्याला लगेच शिबिराला बोलावलं गेलं आणि बांगलादेशविरुद्धच्या सामन्यासाठी तो संघाबरोबर ढाक्यालाही गेला. १८ नोव्हेंबरचा तो सामना भारत एका गोलने हरला. विल्यम्स खेळला नाही, कारण नागरिकत्व बदललं तरी फुटबॉलमधलं राष्ट्रीयत्व बदलायला आधीच्या देशाच्या महासंघाची आणि फिफाची मंजुरी वेगळी लागते, आणि ती तोवर आली नव्हती.